कार्टरहॉखची जॅनेट आणि आमची लेक

स्कॉटलंडमधल्या सेल्कर्क गावाजवळ एट्रिक आणि यारो या नद्यांचा संगम आहे. तिथलं रान म्हणजे कार्टरहॉख. गेल्या रविवारी एडिंबराहून मुद्दाम गेलो. बघायला काय, तर झाडं, चिखल आणि मेंढ्या. पण ‘टॅम लिन’ या जुन्या स्कॉटिश कथागीताची गोष्ट इथं घडते, आणि लेक झाल्यापासून त्या गाण्यानं माझी पाठ सोडलेली नाही.

जॅनेट या रानात फुलं तोडायला येते. तिथं तिला टॅम लिन भेटतो, पऱ्यांच्या राणीनं पळवलेला माणूस. तिला दिवस जातात. मूल नको म्हणून ती परत रानात येते. जुनं गाणं हेही लपवत नाही. तो सांगतो, हॅलोविनच्या रात्री पऱ्यांची स्वारी जाईल, मला घोड्यावरून खाली ओढ आणि काही झालं तरी सोडू नकोस. मग तिच्या मिठीत त्याचा साप होतो, अस्वल होतं, सिंह होतो, शेवटी धगधगता निखारा. निखारा ती विहिरीत टाकते, आणि उघडावाघडा माणूस वर येतो. त्याला ती आपल्या हिरव्या झग्याखाली झाकते. बाळाचा जन्म मात्र गाण्यात येतच नाही!

लेक तीन महिन्यांची असताना पोट दुखून रात्रभर रडायची. लालबुंद व्हायची, कमानीसारखी ताठायची, हातातून निसटायची. पहाटे तीनला येरझाऱ्या घालताना वाटायचं, जॅनेटची निदान एका रात्रीत सुटका झाली.

फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या हार्वर्डच्या प्राध्यापकानं अशी ३०५ गाणी १८८२ ते १८९८ या काळात छापली. त्यात ‘टॅम लिन’ ३९वं. हल्ली मात्र मी ११३व्या गाण्यापाशी अडकते. एक बाई बाळाला जोजवत बसलीय, बाळाचा बाप कोण तेही तिला ठाऊक नाही. तो येऊन सांगतो, जमिनीवर मी माणूस, समुद्रात सील. दाईच्या मजुरीसारखं सोनं तिच्या पदरात टाकतो आणि मुलाला पोहायला शिकवायला घेऊन जातो. पुढे ती एका बंदूकवाल्याशी लग्न करेल आणि तो पहिल्याच गोळीत बापलेकांना मारेल, हेही सांगून ठेवतो. शेटलंड बेटांवरच्या एका म्हातारीकडून हे गाणं उतरवून घेतलं होतं.

पहिल्या गाण्यात धरून ठेवायचं, दुसऱ्यात सोडून द्यायचं. आमचं घर या दोन गाण्यांच्या मधे कुठेतरी आहे. लेक आता चार वर्षांची. नर्सरीतून आली की अर्धा तास तिची मराठी सापडत नाही. ‘हो’ऐवजी ‘आय’ म्हणते, लहान ते सगळं ‘वी’. मी हट्टानं मराठीतच बोलते, आणि ती माझ्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघते.

परतीच्या बसमध्ये खिडकीतून तळं दिसलं. तळ्यासाठीचा इथला शब्द वापरून मी म्हटलं, “बघ, लॉक!”

“लॉक नाही गं आई,” ती म्हणाली, “लॉख. घशातून म्हण.”

मी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं मान हलवली.