चार वर्षांची ऑनर्स, मग एका वर्षात एमएस्सी संख्याशास्त्र

नवीन शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची पदवी असेल तर एमएस्सीला दोन वर्षं लागतात, चार वर्षांची ऑनर्स असेल तर एकच. लातूर असो की परभणी, चौथ्या वर्षाला बसण्याआधी कॉलेजात एवढं विचारा: इथं संख्याशास्त्राची ऑनर्स मंजूर आहे का, आणि पुढचं एका वर्षाचं एमएस्सी विद्यापीठात सुरू आहे का? क्रेडिट (श्रेयांक) एबीसी, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, खात्यात जमा झालेत का तेही बघा. आधारवरचं नाव नि गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं असलं की तिथंच अडतं.

वर्ष एकच, त्यामुळे लिनियर अल्जेब्रा आणि रियल अॅनालिसिस आधीच पक्कं हवं. ते कच्चं असेल तर सरळ दोन वर्षांचं एमएस्सी करा, त्यात कमीपणा काही नाही.

प्रकल्पाला महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस हा आपल्याकडं हमखास विषय. थेट गॅमा वितरण (फक्त शून्याहून मोठ्या आकड्यांना चालणारं) बसवलं की आर (R) ही संख्याशास्त्राची संगणक प्रणाली चूक दाखवते, कारण कोरड्या दिवसाचा शून्य. शून्याचा लॉग निघत नाही. म्हणून आधी पाऊस पडला की नाही यासाठी लॉजिस्टिक रिग्रेशन, मग फक्त पावसाच्या दिवसांना गॅमा. आणि नोंद नसलेल्या रकान्यात शून्य भरू नका, एनए (NA, म्हणजे नोंद उपलब्ध नाही) असंच ठेवा.