एका आकड्यात न मावणारी बुद्धी

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाचा मूल्यमापन अहवाल हाती आला की घरच्यांची नजर आधी बुद्ध्यांकावर जाते. माझ्या मते अशा अहवालात सर्वांत जपून वाचण्याजोगा आकडा तोच असतो, कारण त्यात परस्परांपासून फार दूर असलेल्या क्षमतांची गोळाबेरीज झालेली असते.

बुद्ध्यांक काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वेक्सलर चाचणीत रंगीत ठोकळे जुळवून दाखवलेली आकृती तयार करायची असते, तसेच व्यवहारातील प्रश्नांची तोंडी उत्तरेही द्यायची असतात. अनेक स्वमग्न मुले पहिल्या कामात चमकतात आणि दुसऱ्यात अडखळतात. अमिता शाह आणि उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये दाखवले की आकृती आधीच तुकड्यांत विभागून दिली तर इतरांना त्याचा मोठा फायदा होतो, स्वमग्न व्यक्तींना मात्र थोडाच. कारण अखंड आकृतीतले सुटे भाग त्यांना मुळातच दिसत असतात.

मिशेल डॉसन या स्वतः स्वमग्न असलेल्या संशोधिकेने लॉराँ मोत्राँ आणि इतर सहकाऱ्यांसह 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला याहून महत्त्वाचा वाटतो. त्यात 38 स्वमग्न मुलांना वेक्सलरसोबत रेव्हनची चाचणीही दिली होती, जिच्यात आकृत्यांच्या मांडणीमागचा नियम ओळखून रिकामी जागा भरायची असते आणि बोलावे जवळजवळ लागतच नाही. या मुलांचे रेव्हनमधील गुण वेक्सलरपेक्षा सरासरी 30 पर्सेंटाइलने (म्हणजे शंभर जणांच्या क्रमवारीत 30 स्थानांनी) अधिक आले. स्वमग्न नसलेल्या मुलांत अशी तफावत आढळली नाही. रेव्हनमध्ये अमूर्त विचाराचा कस लागतो, त्यामुळे हे निव्वळ पाठांतर किंवा तीक्ष्ण नजर म्हणून बाजूला सारता येत नाही.

अर्थात प्रत्येक स्वमग्न मुलात असे बलस्थान असतेच असे नाही, आणि काहींना बौद्धिक अक्षमताही असते. शिवाय आकृत्यांचे कोडे सहज सोडवणारे मूल आंघोळ, कपडे, दप्तर हा क्रम स्वतःहून पार पाडताना, किंवा चालू काम सोडून दुसऱ्याकडे वळताना, खरोखर अडू शकते. त्या अडचणीला हट्ट किंवा आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

म्हणून पालकांनी उपचाचण्यांचे गुण वेगवेगळे मागून घ्यावेत, आणि बिने-कामतसारखी शब्दांवर बराच भर असलेली बुद्ध्यांक चाचणी झाली असेल, तर जोडीला एखादी अशाब्दिक चाचणी घेता येईल का, हे तज्ज्ञांना आवर्जून विचारावे.