तळ दिसणारं हिरवं पाणी

मे महिना, वडोदऱ्यातल्या वाघोडिया रोडवरचा बंगला. पोहण्याचा पूल ८ मीटर लांब, ४ रुंद, सरासरी १.३५ खोल, म्हणजे साधारण ४३ हजार लिटर. नातवंडं सुट्टीला यायची म्हणून बोअरच्या पाण्यानं नव्यानं भरलेला. भरताना पाणी नितळ होतं. संध्याकाळी क्लोरीन पडलं आणि तासाभरात हिरवट झालं. राखणदारानं शेवाळ समजून आणखी टाकलं, सकाळी कोऱ्या चहाचा रंग. मग मला बोलावणं आलं.

"अहो, अजून किती पावडर ओतायची याच्यात?" काकूंनी दारातच विचारलं.

चिमूटभरही नाही. शेवाळाचं पाणी गढूळ असतं, भिंतीला हात लावला की बुळबुळीत लागतं, आणि ते तासाभरात उगवत नाही. इथे तळाच्या टाइल्सचे सांधे मोजता येत होते, भिंत खरखरीत होती. रंग क्लोरीन पडल्यावरच आला, म्हणजे संशय लोहावर.

दोन पांढऱ्या बादल्या घेतल्या. एकीत बोअरचं ताजं पाणी, दुसरीत नळाचं, दोन्हींत चिमूटभर क्लोरीन पावडर. पहिली दहा मिनिटांत पिवळी, मग तपकिरी. दुसरी जशीच्या तशी. बोअरमधलं लोह विरघळलेलं असतं, म्हणून दिसत नाही. क्लोरीननं त्याचा गंज होतो, पीएच चढा, म्हणजे पाणी अल्कधर्मी असलं की आणखी लवकर.

खरा घोटाळा क्लोरीन मोजायच्या किटमध्ये होता. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणारी डीपीडीची गोळी टाकली की क्षणभर गुलाबी झाक, मग रंग गायब. राखणदार हे 'शून्य' वाचत होता. क्लोरीन १० पीपीएमच्या (लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या) वर गेलं की तेच गोळीचा रंग उडवतं. एक भाग पूलचं पाणी, चार भाग डिस्टिल्ड वॉटर असं मिसळून मोजलं: अडीच, गुणिले पाच, म्हणजे साडेबारा. ६५ टक्के क्लोरीनची पावडर किलोभर पडली होती. या पूलला १ पीपीएम वाढवायला ६६ ग्रॅम पुरते. एक बरं झालं, उरलंसुरलं लोहही बाहेर पडलं.

जास्तीचं क्लोरीन उन्हावर सोडलं. पीएच ७.९ होता, दुपारी अर्धा लिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड बादलीभर पाण्यात घालून (पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही), चार तासांनी पुन्हा तेवढंच. पीएच ७.४ वर आला. गंजाचे कण तळाला बसावेत म्हणून रात्री २ किलो तुरटी. बाजारात तपकिरी लादी स्वस्त मिळते, पण ती फेरिक, तिच्यातच लोह! पांढरी नॉन-फेरिकच घ्यावी. पाच बादल्यांत विरघळवून कडेनं फिरवून ओतली, फिल्टरचा व्हॉल्व्ह 'रिसर्क्युलेट'वर (पाणी वाळूला वगळून फिरतं) ठेवून पंप अर्धा तास, मग बंद. ही तुरटी फिल्टरमधून गेली तर वाळूचे गठ्ठे होतात. व्हॉल्व्हचा दांडा फिरवायचा तो पंप थांबवूनच, नाहीतर आतलं गॅस्केट फाटतं.

सकाळी तळाला गंजाचा मऊ थर होता. व्हॅक्यूम अगदी सावकाश, व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर, म्हणजे ओढलेलं पाणी सरळ बाहेर. घाई केली की थर उठतो आणि रात्रीची मेहनत वाया. पातळी १५ सेंटिमीटरनं उतरली, सुमारे ४,८०० लिटर. फिल्टरची वाळू आदल्या दिवशीच तपकिरी झाली होती. व्हॉल्व्हच्या काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत बॅकवॉश (पाणी वाळूतून उलटं सोडून धुणं), मग वाळू बसायला अर्धा मिनिट 'रिन्स'.

आता भरायचं कशानं? नळाची धार बारीक. राखणदार म्हणाला, बोअरच्या पाइपाला उशीचा कापूस बांधू. त्यात गंज अडकेल, विरघळलेलं लोह सरळ पुढे जाईल. म्हणून गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत बोअरचं पाणी, त्यात ५ ग्रॅम पावडर, एक दिवस निवांत, आणि मग तळापासून वीतभर वर बसवलेल्या तोटीतून पूलमध्ये. पाच टाक्या, पाच दिवस. काकूंनी नातवंडांना गुरुवारऐवजी मंगळवारी बोलावलं.