एका बोटाचा फुटबॉल : मोबाइलवरचा खेळ घडवतानाचा माझा अनुभव

फ्री किक मारायची, गोल झाला तर नाणी मिळवायची आणि त्या नाण्यांतून पुढची किक थोडी जोरकस किंवा थोडी वळणदार करून घ्यायची, एवढाच व्यवहार असलेला साठ सेकंदांचा एक मोबाइल खेळ मी गेल्या पावसाळ्यात तयार केला आणि दिवाळीच्या आधी तो प्ले स्टोअरवर चढवला. मी वेंगुर्ल्यात एका काजू कारखान्याचे हिशेब पाहतो; प्रोग्रामिंग हे माझे पोटापाण्याचे काम नाही. मात्र गोव्याची हद्द जवळ असल्यामुळे आमच्याकडच्या मुलांना क्रिकेटइतकेच फुटबॉलचेही वेड आहे, आणि पावसाने किनारा व मैदान दोन्ही बंद केले की त्यांचे हात मोबाइलकडे वळतात, हे मी घरातच पाहत होतो. या प्रकारचा खेळ घडवू पाहणाऱ्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. अपग्रेडची, म्हणजे नाण्यांनी विकत घ्यायच्या सुधारणेची, किंमत ठरवणे हे एका संध्याकाळी उरकणारे काम आहे. अपग्रेड घेतल्यावर चेंडूचे नेमके काय व्हावे, हे ठरवण्यात सगळा पावसाळा जातो.

साधन म्हणून मी गोडो हे इंजिन, म्हणजे खेळ बनवण्याचे सॉफ्टवेअर, निवडले. ते मुक्त परवान्याचे आहे, त्यासाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते तक्रार न करता चालते. त्याची चौथी आवृत्ती २०२३ साली आली. मराठी खेळासाठी तीच घ्यावी, कारण तिसऱ्या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरे सुटी पडत आणि वेलांट्या भलत्या जागी बसत. चौथ्या आवृत्तीत मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्ता’ हा मुक्त टंक (फॉन्ट) बसवला आणि ‘किकची ताकद’, ‘चेंडूचे वळण’ ही बटणे पहिल्याच दिवशी नीट उमटली. साध्या फोनांवरही खेळ चालावा म्हणून चित्रणासाठी त्यातला ‘कंपॅटिबिलिटी’ हा पर्याय घेतला.

किंमतींचा तक्ता मांडताना माझा रोजचा धंदा उपयोगी पडला. हळूहळू वाढत जाणाऱ्या खेळांत अपग्रेडच्या प्रत्येक पायरीची किंमत आधीच्या पायरीच्या ठरावीक पटीने वाढवतात. २०१३ साली आलेल्या ‘कुकी क्लिकर’ या गाजलेल्या खेळात ही वाढ प्रत्येक खरेदीला १५ टक्के आहे. पहिली पायरी ५० नाण्यांची धरली, तर १५ टक्के वाढीने विसावी पायरी सुमारे ७१२ नाण्यांना पडते आणि सगळ्या वीस पायऱ्यांचा मिळून खर्च पाच हजारांच्या थोडा वर जातो. हीच वाढ ७ टक्के ठेवली, तर विसावी पायरी अवघ्या १८१ नाण्यांत मिळते आणि दोन दिवसांत खेळ संपतो. ५० टक्के ठेवली, तर तीच पायरी १ लाख १० हजारांच्या पुढे जाते. असा कडा मुद्दाम उभा करून त्याच्या पायथ्याशी खऱ्या पैशांत नाणी विकणारे खेळ पुष्कळ आहेत. तो धंदा मला करायचा नव्हता, म्हणून मी १५ टक्क्यांवर थांबलो आणि खेळात जाहिरात किंवा खरेदी काहीच ठेवले नाही.

खरा पेच त्यानंतर सुरू झाला. पहिल्या आराखड्यात फक्त पेनल्टी होती. पेनल्टीचे अंतर ११ मीटर, गोलची रुंदी ७.३२ मीटर आणि उंची २.४४ मीटर, ही मापे नियमांतली असल्यामुळे मी ती तशीच ठेवली. किकचा वेग सुरुवातीला ताशी ६० किलोमीटर धरला आणि ताकदीच्या प्रत्येक पायरीला तो ३ टक्क्यांनी वाढवला, म्हणजे वीस पायऱ्यांनंतर तो १०८ किलोमीटरपर्यंत पोहोचतो. ताशी ६० च्या वेगाने चेंडूला गोलपर्यंत यायला ०.६६ सेकंद लागतात, ताशी १०८ ने ०.३७ सेकंद. माणसाला चेंडू पाहून हालचाल सुरू करायलाच पाव सेकंदाच्या आसपास लागतो आणि माझ्या गोलकीपरलाही मी तेवढाच वेळ दिला होता. म्हणजे सुरुवातीला झेप घ्यायला त्याच्या हाती ०.४१ सेकंद असत, शेवटी उरत ०.१२. एवढ्या वेळात तो जागचा हलूच शकत नाही. चौथीतल्या माझ्या पुतण्याने याचा निकाल एका वाक्यात दिला : “काका, डोळे मिटून मारलंय तरी गोल जाता, आता ह्यात मजा काय?”

यावरचा सोपा उपाय सर्वांना माहीत असतो : खेळाडूची ताकद वाढली की गोलकीपरही तेवढाच चपळ करायचा. मी तो करून पाहिला आणि काढून टाकला. नाणी मोजून ताकद घेतली, तरी गोल पूर्वीइतकेच होतात, हे मुलांच्या लगेच लक्षात येते, आणि मग अपग्रेड ही नुसती आकड्यांची अदलाबदल उरते. विकत घेतलेल्या गोष्टीचा फरक बोटाला जाणवला पाहिजे आणि तरीही ती घेतल्याने खेळ सोपा होता कामा नये, अशी ही अडचण होती.

वाट सापडली ती पेनल्टी सोडून फ्री किककडे गेल्यावर. चेंडू २० मीटरवर आणि त्याच्यापासून नियमाप्रमाणे ९.१५ मीटरवर चार बचावपटूंची भिंत, सुमारे दोन मीटर रुंद. सरळ मारलेला चेंडू कितीही जोरात गेला, तरी भिंतीवर आपटणार. गोल करायचा तर भिंतीला वळसा घातलाच पाहिजे. वळणासाठी मी जुन्या संगणकीय फुटबॉलमधली युक्ती घेतली. ‘किक ऑफ २’ (१९९०) आणि ‘सेन्सिबल सॉकर’ (१९९२) या खेळांत किक मारल्यानंतरही जॉयस्टिकने हवेतला चेंडू वळवता येत असे. माझ्याकडे जॉयस्टिकच्या जागी बोट आले. चेंडू सुटल्यावर बोट ज्या बाजूला सरकवावे त्या बाजूला तो ओढला जातो. प्रत्यक्षात स्वतःभोवती फिरणाऱ्या चेंडूवर हवेचे जे आडवे बळ येते, ते वेगाबरोबर वाढते; खेळात मात्र मी ते वेगापासून तोडले आणि ओढ स्थिर ठेवली : चेंडूचा बाजूचा वेग दर सेकंदाला सेकंदी ६.२५ मीटरने वाढतो.

या स्थिर ओढीने पुढचे काम आपोआप केले. चेंडू किती वळेल हे हवेतल्या वेळेच्या वर्गावर (वेळ गुणिले वेळ) अवलंबून राहते. ताशी ६० किलोमीटरच्या किकला २० मीटर पार करायला १.२ सेकंद लागतात आणि तेवढ्यात चेंडू साडेचार मीटर वळतो. ताशी १०८ च्या किकला ०.६७ सेकंदच मिळतात आणि वळण १.४ मीटरवर येते. म्हणजे नुसती ताकद विकत घेणाऱ्याचा चेंडू गोलकीपरला हरवतो, पण भिंतीला वळसा घालताना अडखळतो. नुसते वळण घेणाऱ्याचा चेंडू भिंत सहज चुकवतो, पण इतका सावकाश येतो की गोलकीपर त्याची वाटच पाहत असतो. वळणाच्या प्रत्येक पायरीला मी ओढ ४ टक्क्यांनी वाढवली, तेव्हा दोन्ही अपग्रेड पूर्ण झाल्यावर ताशी १०८ च्या किकलाही तीन मीटर वळण मिळू लागले. मधल्या टप्प्यांत मात्र पुढची नाणी ताकदीवर खर्चावीत की वळणावर, हा प्रश्न प्रत्येक सामन्यानंतर पडतो. खेळातल्या अपग्रेडच्या दुकानाच्या पानावर मुले जी कुजबूज करत थांबू लागली, ती याच प्रश्नामुळे, आणि तिथे मला खेळ उभा राहिल्याची पहिली खात्री झाली.

दरम्यान एक चमत्कारिक प्रकार दिसू लागला. ताकद सात पायऱ्या वाढवली की कधी कधी चेंडू गोलच्या खांबातून आरपार जाई. पुतण्या ओरडला, “काका, बॉल खांब्यातसून गेलो!” आणि फोन घेऊन माझ्याकडे धावत आला. कारण हिशेबाचे होते. इंजिन हालचालींची गणना सेकंदाला ६० वेळा करते आणि दोन गणनांच्या मधे चेंडू कुठे होता, हे ते पाहत नाही. चेंडूचा व्यास साधारण २२ सेंटीमीटर आणि खांबाची जाडी नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १२, म्हणजे दोन्ही मिळून ३४ सेंटीमीटर; एका गणनेत चेंडू त्याहून जास्त सरकला, तर तो खांबाच्या अलीकडून थेट पलीकडे उमटू शकतो. सेकंदाला ६० गणना धरल्या, तर हा उंबरठा ताशी ७३ किलोमीटरवर येतो आणि माझ्या तक्त्यात सातव्या अपग्रेडनंतरचा वेग बरोबर त्याच्या पुढे होता. इंजिनात अशा वेगवान वस्तूंसाठी मधला प्रवासही तपासण्याची वेगळी सोय आहे. ती फक्त चेंडूपुरती चालू केली आणि खांब पुन्हा भरीव झाला. ज्या खेळात वेग पायरीपायरीने वाढतो, तिथे शेवटच्या पायरीचा वेग आधी तपासून मगच पहिली पायरी आखावी, असे माझे मत या प्रसंगामुळे झाले.

मैदाने आमच्याच भागातली घेतली : ओहोटीनंतरची सागरेश्वर किनाऱ्याची ओली, घट्ट वाळू, जांभ्याचा कातळ सडा आणि भात कापून रिकामे झालेले कुणगे. कातळावर चेंडू उंच उसळतो, वाळूत बसतो, कुणग्यात कुठेही जातो. एवढा फरक पुरला.

कमाईचा प्रश्न अजून बाकी होता. गोलला दहा नाणी आणि एका सामन्यात आठेक गोल धरले, तर मिळकत ८० नाणी होते. या दराने पहिली पायरी एका सामन्यात मिळते, पण विसावीसाठी नऊ सामने लागतात, आणि हे मला फार वाटले. पाचव्या सामन्यापर्यंत नवी पायरी न मिळालेला मुलगा फोन खाली ठेवतो, हे मी शेजारी बसून पाहिले होते. नाणी वाढवणारे वेगळे अपग्रेड ठेवणे सोपे होते, पण तसे केले की शहाणा खेळाडू आधी तेच घेतो आणि बाकीचा खेळ लांबणीवर टाकतो. त्यापेक्षा मी वरच्या कोपऱ्यातल्या गोलला दुप्पट नाणी दिली आणि सलग गोलांना चढते बक्षीस ठेवले. त्यामुळे हात बसलेल्या खेळाडूची मिळकत सामन्याला १७५ ते १८० नाण्यांपर्यंत जाते आणि शेवटची पायरी चारेक सामन्यांच्या टप्प्यात येते.

प्ले स्टोअरच्या कामांत वेळ जातो, बुद्धी फारशी लागत नाही. नोंदणीचे एकदाच भरायचे २५ डॉलर, ओळखपत्राची पडताळणी, वयोगटाची प्रश्नावली, ५१२ पिक्सेलचे चिन्ह, गोपनीयतेचे निवेदन. खेळ कोणतीच माहिती गोळा करत नसल्यामुळे त्या पानावरची उत्तरे सोपी झाली. एक अट मात्र आधीपासून लक्षात ठेवावी : १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला खेळ सर्वांसाठी खुला करण्याआधी बंद, म्हणजे निवडक लोकांपुरती, चाचणी घ्यावी लागते, आणि त्या चाचणीत किमान बारा जणांनी सलग चौदा दिवस नाव टिकवावे लागते. सुरुवातीला ही संख्या वीस होती. गावात एरवी बारा तयार माणसे मिळणे कठीण, पण मी चाचणी गणपतीत लावली. मुंबईहून आलेली चुलत-आते भावंडे, त्यांची मुले आणि कारखान्यातले दोघे असे मिळून संख्या सहज भरली. नाव गुगल खात्याशी जोडलेले असल्यामुळे विसर्जनानंतर मंडळी मुंबईला परतली, तरी काही बिघडले नाही. मी बारावर न थांबता चार नावे जास्त घेतली होती, कारण एखाद्याने मधेच अंग काढून घेतले, तर दिवसांची मोजणी अडते.

चाचणीनंतरच्या अर्जात खेळणाऱ्यांनी काय सांगितले आणि त्यावर काय बदल केले, हे विचारतात. आतेने, जी फुटबॉल कधी पाहत नाही, सांगितले होते की पहिल्या किकला बोट कुठे ठेवायचे तेच कळत नाही; म्हणून पहिल्या तीन किकांपुरती चेंडूची वाट ठिपक्यांनी दाखवली. मोठ्या मुलांचे म्हणणे होते की दोन्ही अपग्रेड पूर्ण झाल्यावर भिंत सोपी होते. म्हणून शेवटच्या टप्प्यात भिंतीतले बचावपटू किकच्या क्षणी उडी मारतात. हे दोन बदल तसेच्या तसे लिहून दिले आणि खेळ खुला करण्याची परवानगी मिळाली. उडी किती उंच असावी यावर घरात अजून एकमत नाही. सध्या ती चाळीस सेंटीमीटर आहे आणि पुतण्याच्या मते ती तीस असायला हवी.