आमची वाटचाल : गाडीवर थांबलेल्या पाण्याचा प्रश्न

गाड्यांच्या रंगावर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे पाणी दूर ठेवणारा अतिशय पातळ संरक्षक थर, करून देण्याच्या व्यवसायात आम्ही उतरलो, तेव्हा या कामाची सर्वांत परिणामकारक जाहिरात एकच होती. नुकत्याच कोटिंग केलेल्या बॉनेटवर पाणी मारायचे आणि त्याचे टपोरे, गोल थेंब ग्राहकाला दाखवायचे. ते दृश्य खरोखरच देखणे असते आणि ते पाहून ग्राहक समाधानाने गाडी घेऊन जातो, हे आम्ही आजही अनुभवतो. आमच्या छोट्या संस्थेला दिशा दिली ती मात्र काही महिन्यांनी परत येणाऱ्या ग्राहकांच्या एका प्रश्नाने. कोटिंग केल्यापासून गाडीवर पाण्याचे डाग आधीपेक्षा जास्त का दिसतात, असे ते विचारत. काळ्या आणि गडद निळ्या गाड्यांचे मालक तर हमखास विचारत. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आमची काम करण्याची पद्धतच बदलत गेली.

थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते, त्याला स्पर्शकोन म्हणतात. हा कोन 90 अंशांपेक्षा मोठा असला की पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवतो असे मानले जाते. चांगल्या सिरॅमिक कोटिंगवर तो साधारणपणे 100 ते 110 अंशांच्या दरम्यान असतो, तर कमळाच्या पानावर 150 अंशांच्याही पुढे जातो. पानावरचा थेंब जरासा उतार मिळताच घरंगळतो, कारण तो पानावरच्या अतिसूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवर टेकलेला असतो. गाडीचा रंग गुळगुळीत असल्यामुळे तिथे थेंब गोल झाला तरी त्याचा तळ पृष्ठभागाला चिकटूनच राहतो. थेंब किती गोल आहे आणि तो किती सहज घसरतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राहकाच्या डोळ्यांना पहिली दिसते, पण रंगाचे हित दुसरीवर अवलंबून असते.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे म्हणून आम्ही एक जुने बॉनेट आडवे मांडून घेतले, मधोमध टेप लावून त्याच्या निम्म्या भागावर कोटिंग केले आणि दोन्ही भागांवर ड्रॉपरने नळाच्या पाण्याचा एकेक सारखाच थेंब सोडला. कोटिंग नसलेल्या भागावर तो पसरला, पातळ झाला आणि लवकर वाळला. मागे राहिला तो रुंद, फिकट, कापडाच्या एका हाताने निघून जाणारा पांढरट पट्टा. कोटिंगच्या भागावरचा थेंब बराच वेळ तसाच उभा राहिला. नंतर त्याची कड जागच्या जागी अडकली आणि वरचा फुगवटा हळूहळू खाली बसत गेला. शेवटी उरले एक लहान, दाट कडे, ज्याची धार बोटाच्या टोकाला जाणवत होती. क्षार दोन्हीकडे तेवढेच होते, पण इथे ते थोड्या जागेत गोळा झाले होते. कडेपाशी बाष्पीभवन अधिक वेगाने होते, त्यामुळे थेंबातले पाणी सतत आतून कडेकडे वाहते आणि विरघळलेले पदार्थ आपल्याबरोबर तिथे नेऊन ठेवते. सांडलेल्या कॉफीच्या वाळलेल्या डागाची कड गडद असते, त्यामागेही हेच कारण आहे. 1997 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याची मांडणी प्रसिद्ध झाली.

याच प्रयोगाने एका रूढ समजाकडेही आमचे लक्ष वेधले. थेंब भिंगासारखा काम करतो आणि ऊन एकवटून रंग जाळतो, असे अनेक जण ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात अर्धगोल थेंबातून जाणारे किरण त्याच्या तळापेक्षा बरेच खोलवर एकत्र येतात आणि थेंबात पाणी असेपर्यंत खालचा पत्रा उलट थंडच राहतो. नुकसान होते ते पाणी उडून गेल्यानंतर. त्या वेळी मागे राहिलेले तीव्र क्षार किंवा आम्लयुक्त प्रदूषक तापलेल्या क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, बसलेले असतात. गडद रंगाचा पत्रा कडक उन्हात 70 अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकतो, आणि तापलेला क्लिअर कोट थोडा मऊ पडतो.

तेव्हापासून आम्ही गाडीपेक्षाही आधी पाण्याकडे पाहू लागलो. पाण्याचा कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात. प्रतिलिटर 60 मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी मृदू आणि 180 मिलिग्रॅमच्या वरचे अतिशय कठीण समजले जाते. 300 मिलिग्रॅमचे पाणी वापरून गाडी धुतली आणि त्यातले केवळ 200 मिलिलिटर गाडीवर वाळू दिले, तर 60 मिलिग्रॅम घन पदार्थ रंगावर उरतो. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट पाणी उडताना कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसते, आणि एकदा बसल्यावर ते साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पावसाच्या पाण्यात क्षार नगण्य असतात, मात्र ते हवेतली धूळ आणि वायू बरोबर घेऊन उतरते. मुसळधार पावसापेक्षा धुळीनंतरची बारीक रिमझिम गाडीला अधिक त्रासदायक ठरते, कारण ती धूळ भिजवते, पण वाहून नेत नाही.

आमच्या कार्यशाळेत केलेली सर्वांत मोठी गुंतवणूक पॉलिशिंग मशीनमध्ये नाही, ती आयनविरहित, म्हणजे विरघळलेले क्षार काढून टाकलेल्या, पाण्याच्या संचात आहे. या संचातले एक रेझिन (आयन धरून ठेवणारे बारीक मणी) कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे आयन अडवते, दुसरे बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट यांचे, आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण मोजणारा टीडीएस मीटर शून्याच्या जवळ आकडा दाखवतो. असे पाणी वाळले तरी मागे जवळपास काही उरत नाही. रेझिन लवकर संपू नये म्हणून गाडी धुण्याचे सगळे काम साध्या पाण्याने करून शेवटचे खळबळणे तेवढे या पाण्याने करतो. घरी मृदूकरण यंत्र असलेल्या ग्राहकांना आम्ही मुद्दाम समजावून सांगतो की, ते यंत्र कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडते, त्यामुळे क्षारांचे एकूण प्रमाण फारसे कमी होत नाही आणि डाग पडतातच. ते सहज धुतले जातात, एवढा फायदा मात्र नक्की होतो.

सगळ्यांकडे असा संच असणार नाही, त्याची गरजही नाही. शेवटी नळीचे तोंड उघडे ठेवून, दाब न देता, पाणी टपापासून खाली संथपणे सोडले तर ते सलग पडद्यासारखे उतरते आणि वाटेतले थेंब आपल्यात ओढून घेते. फवाऱ्याने मात्र उलट हजारो नवे थेंब तयार होतात. उरलेले पाणी जाड मायक्रोफायबरच्या कापडाने टिपावे. कापड पॅनलवर पसरून हलकेच ओढले की पुरते, घासण्याची आवश्यकता नसते. आरशांच्या मागे, दारांच्या कडांना आणि बोधचिन्हाभोवती पाणी दडून राहते आणि गाडी हलली की ओघळते, त्यामुळे तिथे आम्ही ब्लोअर वापरतो. आणि हे सारे सावलीत, पत्रा हाताला थंड लागल्यावरच.

डाग पडलाच तर आम्ही तो आधी ओळखतो आणि मगच हात लावतो. ताजा क्षार शाम्पू आणि स्वच्छ पाण्याने निघतो. बसलेल्या कॅल्शियमसाठी सौम्य आम्लयुक्त द्रावण लागते. ते थोडा वेळच ठेवायचे, वाळू द्यायचे नाही आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायचे, विशेषतः क्रोम आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांजवळ. पाण्यात सिलिका असेल तर तिच्यावर असे आम्ल फारसे चालत नाही. काचेवरचे हट्टी डाग बहुधा याच प्रकारचे असतात. क्षार निघूनही प्रकाशात खळगा दिसत असेल, तर रंग कोरला गेला आहे आणि पॉलिश करण्यावाचून पर्याय नाही. पॉलिश म्हणजे त्या जागेचे कोटिंग काढणे आणि क्लिअर कोटचाही थोडा थर खरवडणे. क्लिअर कोट साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो आणि कोटिंग एक-दोन मायक्रॉनचे, म्हणून हा उपाय आम्ही शेवटी ठेवतो आणि आधी जाडी मोजल्याशिवाय करीत नाही.

एक तक्रार अजून वारंवार येते, ती म्हणजे कोटिंग संपले, कारण आता थेंब होत नाहीत. अशा गाडीवर आम्ही आधी अल्कधर्मी शाम्पूने आणि गरज पडल्यास आम्लयुक्त शाम्पूने एक पॅनल धुऊन पाहतो. पुष्कळदा तेल, धूळ आणि क्षार यांच्या पातळ थराखाली कोटिंग शाबूत असते आणि थेंब परत येतात. अशा वेळी नव्या कोटिंगचे काम आम्ही घेत नाही. यात उत्पन्न कमी होते हे खरे, तरी चांगल्या थरावर विनाकारण पॉलिश फिरवणे आम्हाला पटत नाही.

या अनुभवातून आमची कोटिंग निवडण्याची कसोटीही बदलली. आता नवा नमुना आला की त्यावरच्या थेंबाचे छायाचित्र आम्ही काढत नाही. पॅनल हळूहळू तिरका करून कोणत्या कोनात थेंब सुटतो ते पाहतो, आणि काही आठवडे कठीण पाण्याने धुतल्यानंतर तीच चाचणी पुन्हा घेतो. गाडी सोपवताना ग्राहकाच्या घरच्या पाण्याचा छोटा नमुना मागून घेतो, त्याचा कठीणपणा मोजतो आणि देखभालीचे वेळापत्रक त्यानुसार लिहून देतो. अतिशय कठीण पाणी असणाऱ्यांनी आम्लयुक्त शाम्पू अधिक वेळा वापरावा, मृदू पाणीवाल्यांनी क्वचितच. पहिला आठवडा गाडी धुऊ नये आणि त्या काळात तिच्यावर पाणी पडलेच तर वाळण्याआधी टिपून घ्यावे, ही सूचना त्या कागदावर सर्वांत वर, ठळक अक्षरांत असते.