शेवटचा वटवट्या कधी गेला?

आपल्या बेळगावात वसंतात बरेचसे पाहुणे गाणारे पक्षी येत नाहीत, परतीला निघतात. हिमालय, मध्य आशिया, सायबेरियाकडं जाणारे हे जीव टिळकवाडी, हिंडलग्याच्या परसांतच असतात, पण दिसण्याआधी ऐकू येतात. म्हणून मी आधी कान लावते आणि पक्षी शेवटचा कधी ऐकला, ती तारीख लिहिते.

सुरुवात हिरवट वटवट्यापासून करावी. चिमणीहून लहान, आंबा-चिंचेच्या शेंड्यात क्षणभरही न टिकणारा. त्याची ‘चिस्-वी’ अशी हाक मधून मधून येतच असते. पान हललं की लगेच दुर्बीण उचलू नये. तो कुठं सरकतोय ते उघड्या डोळ्यांनी बघून पुढच्या फांदीवर ती धरावी. लांब फिकट भुवई आणि पंखावर बारीक पांढुरकी पट्टी, ही खूण. पण झिजलेल्या पिसांवर पट्टी कधी कधी दिसतच नाही आणि नवखे तिथंच फसतात. तेव्हा हाकेवर भरवसा ठेवायचा. शिंपी पक्ष्याशी घोळ झाला तर शेपूट बघा, शिंपी ती उभी धरतो.

कुंपणाच्या दाट झुडपातून गारगोट्या आपटल्यासारखं ‘चक्, चक्’ आलं तर बहुतेक ब्लाइथचा बोरू वटवट्या. दहा मिनिटं हलू नका, मग तो कडेला येतो. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नये. लांबच्या प्रवासाआधी त्याला खायला वेळ हवा असतो.

भोरड्यांना, म्हणजे गुलाबी मैनांना, शोधावं लागत नाही. पांगारा फुलला की थवाच उतरतो.

८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची दुर्बीण पुरते. सकाळी पावणेसात ते नऊ, सूर्य पाठीशी घेऊन, रोज त्याच तीन जागी वीस-वीस मिनिटं थांबते. वारा सुटला की पानांच्या सळसळीत बारीक हाका बुडतात, त्या दिवसाचं ‘ऐकू आला नाही’ मी धरत नाही. पक्ष्यांसाठी मातीच्या परळात दोन बोटं पाणी आणि मधे एक दगड ठेवावा. पाणी रोज बदलायचं, नाहीतर शेवाळ धरतं.

शेवटची तारीख मात्र लगेच पक्की होत नाही. हाक थांबल्यावरही दोन आठवडे त्याच जागी जावं लागतं, कारण एखादा मागं राहिलेला वटवट्या एप्रिलअखेर, वळवाचा पाऊस पडून गेल्यावरही, चिंचेतून बोलतो.