कॅनचा स्टोव्ह घेऊन रतनवाडी ते हरिश्चंद्रगड

रतनवाडीहून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतला उतरायचं आणि पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड चढायचा, ही वाट बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालताना प्रत्येक शंभर ग्रॅम जाणवतात. २३० ग्रॅम गॅसचा डबा पत्र्यासकट पावणेचारशेच्या आसपास भरतो, वर बर्नर वेगळा. आमच्याकडे होता बिअरच्या दोन कॅनचा स्पिरिट स्टोव्ह, १५ ग्रॅमच्या आतला. इंधन मात्र इथे कमी ताकदीचं: ग्रॅममागे स्पिरिटमधल्या इथेनॉलची उष्णता डब्यातल्या ब्युटेन गॅसच्या साधारण ६० टक्के. दोघांचे दोन-तीन मुक्काम असतील तर स्पिरिट परवडतं, आठवडाभराच्या चालीला सरळ गॅस घ्यावा.

स्टोव्ह घरीच करायचा. ६६ मिमी व्यासाचे दोन रिकामे कॅन घ्यायचे. कापण्याआधीच एका कॅनच्या तळाच्या बाहेरच्या उतारावर सारख्या अंतराने २४ भोकं पाडून घ्यायची, कारण कापल्यावर पत्रा दबतो. भोक १ मिमीपेक्षा मोठं नको. टाचणी दाभणापेक्षा बरी. मग जाड पुस्तकात ब्लेड अडकवायचं आणि कॅन त्याला टेकवून फिरवत राहायचं. खोल ओरखडा पडला की बोटाने दाबून पत्रा सुटतो. कात्रीने कापलं तर कड फाटते आणि पुढे सगळी गळती तिथूनच होते. खालचा भाग ३० मिमी उंच, भोकांचा वरचा भाग २० मिमी. वरच्या भागाची मधली खोलगट चकतीही अशीच ओरखडून काढून टाकायची.

आतली भिंत म्हणजे कॅनच्या अंगाची साधारण १७ सेंमी लांब, ४० मिमी उंच पट्टी. ती गोल करून खालच्या तळाच्या खाचेत उभी बसते. तिच्या खालच्या कडेला तीन लहान खाचा पाडायच्या, त्यातून स्पिरिट दोन भिंतींमध्ये शिरतं. उंची आधी जास्तच ठेवून पॉलिशपेपरवर घासत कमी करावी. पट्टी आखूड पडली तर वाफ वरून मध्यभागी निसटते, भोकांशी दाबच तयार होत नाही आणि स्टोव्ह नुसता वाटीतल्या स्पिरिटसारखा जळतो. खालच्या भागात भरलेल्या कॅनचा तळ दाबून तोंड किंचित सैल करायचं, मग वरचा भाग आत सरकवायचा. अडला तर पत्र्याची पातळ पट्टी फटीत घालून कड आत वळवत न्यावी. सांध्यावर अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी एकदा फिरवली की पुरे. एम-सीलचे थर चढवणारे आहेत, पण सांधा घट्ट बसला असेल तर त्याची गरज नसते.

स्पिरिट हा खरा डोकेदुखीचा भाग. लाकडाला पॉलिश करणाऱ्यांकडचं डिनेचर्ड स्पिरिट चालतं, पण त्यात पाणी किती हे बाटलीवरून कळत नाही. घरी १० मिली जाळून बघावं. शेवटी ज्योत तडतडली आणि तळाशी पाणी उरलं, तर ते स्पिरिट घेऊन निघू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल काजळी धरतं. सॅनिटायझरमध्ये पाणी फार. स्पिरिट हवेतला ओलावा ओढतं, म्हणून बूच पक्कं हवं, आणि बाटली पाण्याच्या बाटलीसारखी दिसता कामा नये. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, ते पोटात गेलं तर डोळे जातात, प्रसंगी जीवही. आमच्या बाटलीवर वरपासून खालपर्यंत लाल टेप होती. रेल्वेत ज्वालाग्राही माल नेता येत नाही, म्हणून कसाऱ्याची लोकल सोडून स्वतःच्या गाडीने शेंडीमार्गे रतनवाडी गाठली.

हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला. वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारायचं, नाही म्हणाले तर स्टोव्ह पिशवीतच राहील. हिवाळ्यात गवत वाळलेलं असतं, त्यामुळे खिंडीच्या रानात आम्ही काहीही पेटवलं नाही, भडंग आणि गुळाच्या पोळीवर भागवलं. स्टोव्ह पेटला तो फक्त गावातल्या अंगणात, घरमालकांना विचारून.

रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळापासून जरा लांब, एका अंगणात पहिला चहा झाला. अर्धा लिटर पाण्याला १५ ते २० मिली स्पिरिट लागतं. मोजायला औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण जवळ ठेवावं. स्पिरिट मध्यभागी ओतायचं, काडी लावायची आणि अर्धा-पाऊण मिनिट थांबायचं. भिंत तापली की भोकांतून निळ्या ज्योतींचं कडं फुटतं, तेव्हा टोप चढवायचा. आधीच चढवला तर गार टोप उष्णता खातो आणि कडं फुटायला वेळ लागतो. ज्योती एकाच बाजूने येत असतील तर स्टोव्ह कललेला आहे. पहाटेच्या थंडीत कडं फुटतच नसेल तर स्पिरिटची बाटली थोडा वेळ जॅकेटच्या खिशात ठेवा. आगीजवळ धरून तापवू नका.

तिवई म्हणून १२ मिमी चौकोनांच्या वेल्डमेश जाळीचं नळकांडं वापरलं. स्टोव्हचं तोंड आणि टोपाचा तळ यांत २५ ते ३० मिमी अंतर हवं. त्याहून कमी असेल तर ज्योत गुदमरून पिवळी होते. जाळीवर जस्ताचा मुलामा असतो, म्हणून ती आधी उघड्यावर तापवून घ्यावी आणि धुरापासून लांब राहावं. टोप रुंद बुडाचा, झाकणासकट. उंच अरुंद मगात निम्मी आंच कडेनेच निघून जाते.

कुमशेतला संध्याकाळी मूगडाळीची खिचडी. या स्टोव्हला आंच कमी करायची सोय नाही, त्यामुळे घरच्यासारखी खिचडी शिजवत बसलं तर बुडाशी करपते. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवले, ३० मिली स्पिरिटवर खदखदून उकळी आणली आणि टोप फोमच्या मॅटच्या तुकड्यात व टॉवेलात गुंडाळून ठेवला. वीस-पंचवीस मिनिटांत दाणा मऊ झाला. तूरडाळ या पद्धतीने शिजणार नाही, नेऊच नका.

पाचनईहून वर आल्यावर खरी परीक्षा वाऱ्याची. कोकणकड्यावर वारा खालून वर येतो. तिथे कडेला स्टोव्ह मांडणं हा निव्वळ वेडेपणा, आडोसा असला तरी. आम्ही बरंच आत, टपरीमागच्या उघड्या खडकावर, टपरीवाल्या मावशींना विचारून बसलो. आडोसा केकच्या अ‍ॅल्युमिनियम ट्रेचा, टोपापासून १० मिमी लांब, टोपाच्या निम्म्या उंचीपर्यंत, वाऱ्याच्या उलट्या बाजूला खाली हवेची भोकं. घरातली स्वयंपाकाची फॉइल पहिल्याच झोतात उडते. आडोसा टोपाला चिकटवला तर हवा तुटते आणि सगळा स्टोव्ह तापून स्पिरिट भसाभस जळतं. १,४०० मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा चहा दोन मिनिटं जास्त ठेवावा. जेवायला मात्र मावशींचं पिठलं-भाकरीच. ते मिळत असताना मॅगी करणाऱ्यांची कीव येते.

उन्हात ही ज्योत दिसत नाही. स्टोव्ह विझला असं वाटून वरून स्पिरिट ओतलं तर आग धार पकडून बाटलीत शिरते. आधी तळहात बराच वर धरून धग बघायची, मग स्टीलचा पेला पालथा घालायचा, स्टोव्ह हाताला गार लागेपर्यंत थांबायचं आणि मगच पुन्हा भरायचं. तंबूत हा पेटवायचाच नाही: आग तर आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड साठतो. उरलेलं स्पिरिट गार झाल्यावर लहान नरसाळ्याने परत बाटलीत जातं. स्टोव्ह मोज्यात गुंडाळून टोपात ठेवायचा, नाहीतर पाठपिशवीत चेपतो आणि सांधा उघडतो.